इंजिन थांबले, आता शेत शोधा

एस.टी. घाटात बंद पडली तर पुढे काय होते, हे आपल्याला पाठ आहे. कंडक्टर खाली उतरतो, चाकाला दगड लावतो, पुरुष मंडळी पाय मोकळे करायला उतरतात आणि मागून येणाऱ्या गाडीची वाट पाहत सगळेजण सरकारला शिव्या घालतात. विमानात ही सोय नाही. आकाशात चाकाला लावायला दगड मिळत नाही आणि मागून दुसरी गाडीही येत नाही. म्हणूनच की काय, इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची पक्की समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. रंकाळ्याच्या काठावर उभे राहून वर नजर टाकली तर एखादी घार पंख न हलवता लांबवर तरंगत जाताना दिसते. इंजिन थांबलेले विमान साधारण तेच करते. फरक इतकाच की घारीला वर चढणारी गरम हवा हुडकता येते, विमानाला मात्र दर क्षणी थोडे थोडे खाली यावेच लागते. पंखांना उचलून धरते ती हवा, इंजिन नव्हे. इंजिनाचे काम वेग देण्याचे. तो वेग इंजिनाकडून मिळेनासा झाला, की वैमानिक तो उंचीकडून विकत घेतो. नाक थोडे खाली, वेग कायम, उंची खर्ची. उंची ही त्याच्या हातातली रोकड आणि ती संपेपर्यंतच त्याचा व्यवहार चालतो.

ही रोकड किती पुरते? वैमानिकी शिकवायला जगभर वापरले जाणारे सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान घेऊ. जेमतेम ११० अश्वशक्तीचे इंजिन, सगळा भार धरून वजन साडेसातशे किलोंच्या आसपास. इंजिन बंद पडल्यावर ते एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. हजार फुटांवर असेल तर पावणेतीन किलोमीटर अंतर आणि दीड मिनिट वेळ. एवढ्या वेळात वाऱ्याची दिशा ओळखायची, शेत निवडायचे, इंजिन पुन्हा सुरू होते का ते पाहायचे, रेडिओवर सांगायचे, पट्टे आवळायचे आणि उतरायचे. चहाच्या टपरीवर ‘दोन स्पेशल’ सांगून कप हातात यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

२५ जुलै २०२२ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी गावाने हे प्रत्यक्ष पाहिले. बारामतीहून प्रशिक्षणासाठी निघालेल्या याच जातीच्या विमानात बावीस वर्षांची एक शिकाऊ वैमानिक एकटीच होती. इंजिनाची शक्ती गेली. शेजारी शिक्षक नाही, खाली धावपट्टी नाही. विमान शेतात उतरले, मोडले. मुलगी किरकोळ जखमांवर निभावली. गावकरी धावत गेले आणि त्यांनी तिला दवाखान्यात पोहोचवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोडक्या विमानाची छायाचित्रे आली आणि बहुतेक मथळ्यांत ‘विमान कोसळले’ असे शब्द होते. कोसळणे आणि उतरवणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. इथे तर हा वाक्प्रचार शब्दशः खरा. विमान मोडले हे खरेच, पण मोडायचेच होते. इंजिन थांबल्यावर वैमानिकाने पहिल्यांदा काय करावे, याचे जुन्या शिक्षकांनी दिलेले उत्तर असे, की विमान वाचवण्याचा विचार डोक्यातून काढावा. ते आता विमा कंपनीचे झाले. आपल्याकडे उरली ती माणसे.

कडबनवाडी परिसर चिंकारा आणि लांडग्यांच्या माळरानांसाठी ओळखला जातो. कमी पावसाचा, मोकळा मुलूख. समजा, हीच वेळ कोल्हापूरच्या आसमंतात आली असती तर?

आपला जिल्हा वरून पाहायला फार देखणा आहे. हिरवागार, सपाट भासणारा, नदीकाठाने वळणे घेत गेलेला. पण इंजिन थांबलेल्या वैमानिकाच्या नजरेने पाहिले तर हा हिरवा रंग मोठा फसवा आहे. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, कुठेही पाहा, ऊस. दहा-बारा फूट उंचीचा, दाट. वरून तो मऊ गालिचा दिसतो. प्रत्यक्षात चाके त्यात अडकतात, शेपूट वर उचलली जाते आणि विमान उलथे पडते. उसात उतरण्याची वेळ आलीच, तर शेंड्यांची पातळी हीच जमीन मानून, वेग अगदी कमीत कमी ठेवून त्यावर बसायचे असते. त्यापेक्षा भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे बुटके पीक बरे. नांगरट असेल तर तासांच्या दिशेने, आडवे कधीच नाही. गळीत हंगाम सरत आला की तोडलेल्या फडांनी हा मुलूख मोकळा होतो आणि जुलै-ऑगस्टात पुन्हा भरतो. म्हणजे इथे इंजिन बंद पडायचे तर फेब्रुवारी-मार्चात पडावे! पश्चिमेला राधानगरी, गगनबावड्याकडे सरकावे तर भातखाचरे लहान, पायऱ्यापायऱ्यांची, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. पन्हाळ्याजवळचे मसाईचे पठार वरून टेबलासारखे दिसते, पण त्याच्या कड्यापाशी वारा असा खाली ओढतो की थोडक्या उंचीने आलेले विमान पठारावर पोहोचण्याऐवजी त्याच्या कुशीत जाईल. आणि नदी? पंचगंगेचा सरळ पट्टा बरा वाटेल, पण चाके कायमची खाली लटकणारी छोटी विमाने पाण्याला लागताच उलटतात. शिवाय मध्ये आपले ते सुप्रसिद्ध ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ आहेतच.

याहून मोठा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे विजेची तार. बागायती भागात मोटार पंप आले, पंप आले की खांब आले. पाचशे फुटांवरून तार दिसत नाही, खांब दिसतात. मुरलेला वैमानिक खांब पाहतो आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चालतो. हमरस्ता पाहून मोह होतो, पण पुणे-बंगळूर महामार्ग कोणत्याही वेळी पाहा, मालमोटारींची रांग काही संपत नाही. शिवाय दुभाजक, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल. विमान वाचवण्यासाठी रस्त्यावरच्या स्कूटरवाल्याचा जीव धोक्यात घालायचा अधिकार कोणी दिला, हाही प्रश्न आहेच.

आणखी एक खुबी इथली स्वतःची आहे. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ २,००० फूट उंचीवर आहे. विमानातला उंचीमापक बहुधा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. मुंबईच्या जुहूवर उडायला शिकलेल्याला काट्यावर ३,००० दिसले तर तो निश्चिंत होईल. कोल्हापुरावर त्याच ३,००० चा अर्थ पायाखाली फक्त हजार फूट, म्हणजे तेच दीड मिनिट.

आता थोडे गणित, कारण जीव वाचतो तो या गणिताने. विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकले आणि केवळ दहा मीटरांत एकसारखे थांबले, तर आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या अडीचपट धक्का बसतो. पट्टे बांधलेले असतील तर तो उठून चालू लागेल. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ६० वर येतो आणि धक्का दीडपटीच्या आत. तेच विमान २४० च्या वेगाने येऊन तेवढ्याच दहा मीटरांत थांबले तर धक्का बावीसपटींवर जातो. वेग तिप्पट झाला की मार नऊपट होतो. म्हणून वाऱ्याला तोंड देऊन उतरायचे, म्हणून पंखांच्या झडपा खाली करायच्या, म्हणून शेवटपर्यंत विमान ताब्यात ठेवायचे. दोन झाडांच्या मधून विमान घालून दोन्ही पंख तुटू द्यावेत, पण बुंध्यावर नाक आपटू देऊ नये, असे शिकवतात ते याच हिशेबाने. पंख तुटण्यात जी शक्ती खर्ची पडते ती माणसाच्या हाडांवर येत नाही.

पण दीड मिनिट हाताशी आहे, हे सुखातले दुःख. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे उड्डाणानंतरची पहिली काही सेकंदे. उंचीची रोकड नाही, वेगाची नाही, नाक वर आणि इंजिनावर पुरता भार. अशा वेळी माणसाचे मन एकच गोष्ट सांगते, मागे वळ, धावपट्टी तिथेच आहे. हे मन ऐकल्याने आजवर किती वैमानिक गेले त्याला गणती नाही. तिरपे होऊन वळण घेताना पंखांची उचल घटते, विमान झपाट्याने खाली येते आणि वेग थोडा जरी कमी पडला तरी एक पंख गळून ते गिरकी घेत पडते. म्हणून नियम असा, की कमी उंचीवर इंजिन गेले तर समोर जे असेल ते घ्यायचे. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, पण समोरच. उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या आसपास काय आहे? गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, तामगाव, नेर्ली आणि वाढत चाललेली घरे. हे नुसते भूगोलाचे वर्णन नव्हे. विमानतळ वाढावा म्हणून आपण आंदोलने करतो, निवेदने देतो. त्याच विमानतळाच्या दोन्ही तोंडांपुढची जमीन मोकळी राहावी म्हणून निघालेला मोर्चा मात्र ऐकिवात नाही.

‘पण प्रवासी विमानाला दोन इंजिने असतात की!’ हा प्रश्न आता येणारच. त्याचे उत्तर नागपूरच्या एका काळ्या रात्रीत आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली आपल्या देशाने रात्रीच्या विमान टपालाचा मोठा धाडसी प्रयोग सुरू केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात हाती पडे. देशाच्या नकाशावर नागपूर मधोमध आहे, त्याचा इतका फायदा क्वचितच कुणी करून घेतला असेल. दिवसा झोपलेला विमानतळ रात्री बारानंतर जागा व्हायचा. विमाने होती डाकोटा, दुसऱ्या महायुद्धातून उरलेली, दोन इंजिनांची, दणकट आणि भरवशाची.

१२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेल्या डाकोटाने सोनेगावहून उड्डाण केले. विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स महामंडळ सुरू झाल्याला जेमतेम चार महिने झाले होते. जमीन सोडताच एका इंजिनाची शक्ती गेली. विमान नागपूरच्या हद्दीतच खाली आले. दहा उतारू आणि चार कर्मचाऱ्यांपैकी तिघे, असे तेरा जण गेले. कॅप्टन तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार चळवळीतले पुढारी आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते.

डाकोटा एका इंजिनावर उडू शकते. मग असे का व्हावे? दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन गेले म्हणजे निम्मी शक्ती उरते, इतका हा हिशेब सरळ नाही. विमानाला नुसते तरंगत ठेवायलाच बरीच शक्ती लागते. वर चढण्यासाठी उरते ती वरकड. एक इंजिन गेले की आधी वरकड जाते. छोट्या दोन इंजिनी विमानांत तर चढण्याची ताकद चार पंचमांशाने घटते आणि शिलकीत जवळजवळ काही राहत नाही. त्यात चालू इंजिन एका बाजूला असल्याने विमानाला सतत दुसऱ्या बाजूला खेचते. बैलगाडीचा एक बैल बसला आणि दुसरा जोर करू लागला, तर गाडी कुठे जाईल? शिवाय बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा समोरच्या हवेने पवनचक्कीसारखा गरगर फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. म्हणून त्याची पाती हवेच्या दिशेला समांतर करून ठेवावी लागतात. वैमानिक याला ‘फेदर’ करणे म्हणतात. हे सारे काही सेकंदांत, अंधारात करायचे आणि त्यात चुकून चालू इंजिनच बंद करायचे नाही. तसेही घडलेले आहे, आणि एकदा नव्हे. छोट्या विमानाचे दुसरे इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन सोडते, असा कडवट विनोद वैमानिकांत चालतो, तो उगाच नव्हे.

मोठ्या प्रवासी विमानांचे नियम या अनुभवांतूनच कडक झाले. धावपट्टीवर एका ठरावीक वेगापुढे गेल्यावर एक इंजिन गेले, तरी उरलेल्या इंजिनावर उड्डाण पुरे करून सुरक्षित उंची गाठता आलीच पाहिजे, हे आज त्यांच्या परवान्याचे कलम आहे. कोल्हापूरला येणारी एटीआर विमाने या नियमात बसतात. बंद इंजिनाचा पंखा ती आपला आपण ‘फेदर’ करतात. तेव्हा तिकीट काढताना घाबरण्याचे कारण नाही. पण दोन्ही इंजिने एकदम गेली तर मोठ्या विमानाचीही तीच गत, हे अहमदाबादने दाखवले. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाच्या विमानाला उड्डाणानंतर काही शे फूटच उंची लाभली. इंधनाचे दोन्ही खटके बंद स्थितीत गेल्याचे प्राथमिक अहवालाने नोंदवले. पुढे उंची नव्हती, वेळ नव्हता आणि समोर शहर होते. विमानातल्या २४२ पैकी एकच वाचला.

उंची असेल तर मात्र चित्र पालटते. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी मद्रासहून हैदराबादला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस हैदराबादला उतरू शकले नाही आणि मद्रासकडे परतताना त्याचे इंधन संपले. तिरुपतीजवळच्या भातशेतात वैमानिकाने ते उतरवले. २६२ माणसे, सगळी सुखरूप. भाताच्या चिखलाने इतके मोठे धूड झेलले. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीला निघालेल्या छोट्या ‘किंग एअर’ची दोन्ही इंजिने दिल्लीजवळ थांबली. नजफगडच्या बाजूला कैर गावच्या शेतात ते उतरले आणि सातही जण वाचले. कॅनडातला १९८३ चा किस्सा तर प्रसिद्धच आहे. किलो आणि पौंड यांचा घोळ होऊन निम्म्याहून कमी इंधन घेऊन बोइंग उडाले आणि मध्यावरच दोन्ही इंजिने गप्प झाली. वैमानिकाला इंजिनाविना ग्लायडर उडवण्याचा छंद होता, म्हणून निभावले.

या उदाहरणांतून इंजिनाइतकाच इंधनाचा विषय पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. छोट्या विमानांची इंजिने थांबतात ती दर वेळी आतला पोलादी भाग तुटून थांबतात असे नाही. टाकी रिकामी असते, टाकी बदलायचा खटका चुकीच्या जागी असतो, रात्रीच्या दवाने इंधनात पाणी साठलेले असते किंवा दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत, बाहेर चांगले वीस अंश तापमान असतानाही हा बर्फ धरू शकतो. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून पाहायचे असते. पाणी तळाला बसलेले दिसते. दोन मिनिटांचे काम. आपल्याकडे प्रशिक्षण संस्था वाढल्या, विमाने वाढली, त्या मानाने ही दोन मिनिटे पाळली जातात का, हे तपासणारी माणसे वाढली का? बारामतीत २०२३ च्या ऑक्टोबरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता.

कोल्हापूरचे आणि छोट्या विमानांचे नाते जुने आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, इथे विमान उतरू लागले, तेव्हा देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांना धावपट्टी ठाऊक नव्हती. उडान योजनेखाली एप्रिल २०१८ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली तीही वीसपेक्षा कमी आसनांच्या विमानाने. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा बाहेरच्या जगाशी जोडणारा हवाई मार्ग किती मोलाचा असतो हे आपण अनुभवले. उद्या रुग्ण नेणारी, उद्योजकांना नेणारी, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने इथे वाढणारच. त्यांतले एखादे कधीतरी कुणाच्या तरी रानात उतरेल, हेही धरून चालावे.

तेव्हा रान ज्याचे आहे त्याने काय करावे, हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. छोट्या विमानाचे इंधन बहुधा पंखांत असते. पंख फाटला असेल तर ते जमिनीत मुरत असते, वास येतो. बिडी-काडी लांब. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या फेऱ्यात उभे राहू नये, इंजिन गरम असेल तर तो अचानक एखादा फेरा घेतो. माणसांना आधी बाहेर काढावे, पण मान-पाठ दुखते असे कुणी म्हणाला आणि आगीची भीती नसेल, तर हिसका देऊन ओढू नये, डॉक्टर येईपर्यंत आधार देऊन ठेवावे. नंतर जी गर्दी जमते तिचे काय करायचे, हा खरा प्रश्न. आपल्याकडे विमान उतरले की जत्रा भरते. कुणी पत्र्याचा तुकडा घरी नेतो, कुणी कॉकपिटमध्ये पोराला बसवून फोटो काढतो आणि जाता जाता दोनचार खटके फिरवतो. पुढे विमान अपघात अन्वेषण विभागाचे अधिकारी येतात. इंधनाचा खटका कोणत्या टाकीवर होता, हेच त्यांना पाहायचे असते. तो त्या पोराने फिरवलेला असतो.